गोडी छाटणीच्या दिवसांत

दिवाळीच्या सुट्टीत द्राक्षं बघायला म्हणून नाशिकला जाणाऱ्याची निराशा ठरलेली. घड नसतात. गोडी छाटणी नुकतीच उरकलेली असते, काही बागांत अजून चालू असते, आणि मांडवावर उरतात त्या नुसत्या तपकिरी काड्या. तरी शनिवारी दुपारी गंगापूर धरणाच्या बाजूचे वायनऱ्यांचे रस्ते मुंबई-पुण्याच्या गाड्यांनी तुंबलेले असतात. वेलीवर फळ नाही, टाकीत नवा रस नाही, माणसं मात्र लोटलेली.

"हीच तर त्यांची खरी सुगी," माझा मित्र म्हणाला. "बाटली काय, ती कुठेही मिळते. हे लोक विकतात ती शनिवारची दुपार."

मित्र द्राक्षवाला आहे. एके काळी वाइनच्या द्राक्षांचाही होता, त्यामुळे त्याच्या बोलण्यात टोमणा आहे हे गृहीत धरायला हवं. पण गेल्या पंचवीस वर्षांतली सरकारी धोरणं, दारूबंदीचा कायदा आणि या उद्योगाची चढउतार एकत्र मांडून पाहिली, तर त्याचं म्हणणं टोमण्यापुरतं राहत नाही.

आम्ही पुण्याच्या कृषी महाविद्यालयाच्या वसतिगृहात एका खोलीत राहिलो. पुढे मी कागदाच्या धंद्यात गेलो, तो दिंडोरी तालुक्यात घरच्या बागेवर परतला. "या एकदा निवांत" हे वहिनींचं आमंत्रण बरीच वर्षं पडून होतं. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा तुकडा जून २०२५ मध्ये खुला झाला, कसाऱ्याचा घाट टळला, आणि न जाण्याची माझी ठेवणीतली सबबही गेली.

नाशिकला द्राक्ष तसं अलीकडचं. ओझरच्या रावसाहेब जयराम कृष्ण गायकवाडांनी १९२५ मध्ये बाग लावली, तिथून इथल्या द्राक्षशेतीची सुरुवात मानतात. पुस्तकी हिशेबाने वाइनचं द्राक्ष पिकतं ते साधारण तीस ते पन्नास अक्षांशांच्या पट्ट्यात. नाशिक विसाव्या अक्षांशावर आहे. फ्रान्समध्ये थंडी पडली की वेल पानं टाकून झोपते, वसंतात आपली आपण उठते, वर्षातून एकदा छाटली की काम भागतं. इथली वेल झोपतच नाही. ती मोकळी सोडली तर वाट्टेल तेव्हा फुटेल आणि पीक नेमकं पावसाच्या तोंडी सापडेल. म्हणून इथे वर्षातून दोन छाटण्या. एप्रिलमधली खरड छाटणी काडी तयार करण्यासाठी. उन्हाळ्यात त्या काडीच्या डोळ्यांत पुढच्या घडाची सूक्ष्म बांधणी होऊन बसते. पाऊस सरता सरता गोडी छाटणी, ती फळासाठी. मग फळ वाढतं कोरड्या थंडीत. दिवसा ऊन मिळतं म्हणून साखर भरते, रात्री गारठतं म्हणून आंबटपणा टिकतो, आणि जानेवारी ते मार्चमध्ये, युरोपातल्या बागा उघड्या पडलेल्या असताना, इथे तोडणी चालते. समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपासची उंची हा त्यातला निसर्गाचा वाटा. बाकी सगळं कात्रीचं काम.

मी गेलो त्या सकाळी त्याच्या बागेत छाटणीनंतरचं पेस्टिंग चालू होतं. छाटलेल्या काडीवरचे सगळे डोळे एका वेळी फुटावेत म्हणून त्यांना हायड्रोजन सायनामाइड लावतात. पॅकवरचं नाव काहीही असो, बागेत त्याला डॉरमेक्सच म्हणतात. बादलीत लालसर पाणी, कारण कुठली काडी झाली आणि कुठली राहिली ते कळायला त्यात रंग घालतात. हातमोजे घातलेल्या बाया कापडाचा बोळा बुडवून एकेक डोळा पुसत चालल्या होत्या. डोळ्याला लागलं पाहिजे, काडीभर फासायचं नाही. ओळीच्या टोकाला मुकादम एका गड्याला दरडावून विचारत होता, "काल घेतली होती का रे?" चौकशी नैतिक नव्हती. या औषधाचा अंश अंगात असताना दारू पोटात गेली, तर तिचं शरीरात होणारं विघटन अर्ध्यावर अडतं. चेहरा लाल होतो, छाती धडधडते, माणूस आडवा पडतो. म्हणून पेस्टिंगच्या आदल्या दिवशी, त्या दिवशी आणि पुढेही काही दिवस थेंब घ्यायचा नाही. मित्राची बाग खायच्या द्राक्षांची, पण वाइनच्या बागांनाही हेच लावतात. म्हणजे ज्या वेलीची वाइन व्हायची, ती फुटवणाऱ्याने तेवढे दिवस कोरडं राहायचं. वायनरीच्या फेरफटक्यात हे कुणी सांगत नाही, आणि सांगायला हवं असं माझं मत आहे.

महाराष्ट्रातल्या आधुनिक वाइनची सुरुवात नाशिकची नव्हे, नारायणगावची. शामराव चौगुल्यांनी ऐंशीच्या दशकात तिथे फ्रेंच तंत्रज्ञांच्या मदतीने फेसाळ वाइन काढली आणि ती परदेशात विकली. त्याच सुमारास पिंपळगाव बसवंतलाही एक प्रयत्न झाला. नाशिकचं नाव झालं ते नंतर. राजीव सामंत स्टॅनफर्डला शिकले, ऑरॅकलमधली नोकरी सोडून परतले आणि नाशिकजवळच्या वडिलोपार्जित जमिनीत काय काय लावून पाहत अखेर वाइनच्या द्राक्षांवर आले. कॅलिफोर्नियातले वाइनतज्ज्ञ केरी डॅम्स्की मदतीला होते. आई सुलभा, तिच्या नावावरून 'सुला'. २००० मध्ये त्यांची पहिली वाइन बाजारात आली. पुढच्याच वर्षी राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं. दहा वर्षं उत्पादन शुल्क माफ, नाशिक जिल्ह्यात विंचूरला आणि सांगलीत पलूसला वाइन पार्क. बघता बघता वायनऱ्या उगवल्या.

वाइन करणं जमलं, ती विकायची कशी हा पेच होता. दारूची जाहिरात टीव्हीवर करता येत नाही. राज्याराज्याचं उत्पादन शुल्क वेगळं, नोंदणी वेगळी, दुसऱ्या राज्यात माल नेणं म्हणजे जवळजवळ निर्यातच. खुद्द महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा अजून लागू आहे. पिणाऱ्याकडे परवाना हवा, आणि तो मिळतो प्रकृतिस्वास्थ्याच्या कारणासाठी. कागदोपत्री आपण सगळे औषध म्हणूनच घेतो. त्यात इथल्या पिणाऱ्याला व्हिस्की माहीत, बिअर माहीत. वाइन म्हणजे एक तर चर्चमधली किंवा गोव्याहून आणलेली गोड पोर्ट. अशा माणसाला दुकानाच्या फळीवरून शेना ब्लांसारखी पांढरी वाइन उचलायला कोण लावणार?

बाटली माणसापर्यंत जाईना, तेव्हा माणूस बाटलीपर्यंत आणला. २००५ मध्ये सुलाने बागेत टेस्टिंग रूम उघडली. २००८ पासून तिथे संगीत महोत्सव भरू लागला, मग राहायच्या खोल्या आल्या, उपाहारगृहं आली. आलेल्याला ग्लास कसा धरायचा ते शिकवलं, त्याचा वेलींसोबत फोटो निघाला, आणि घरी जाऊन त्याने तो चार जणांना दाखवला. टीव्हीवर न करता आलेली जाहिरात ती हीच. डिसेंबर २०२२ मध्ये सुला शेअर बाजारात उतरली, तेव्हा वाइनच्या विक्रीसोबत पर्यटनाचं उत्पन्नही गुंतवणूकदारांपुढे ठळकपणे मांडलेलं होतं.

माझा मित्र या गोष्टीत आला तो २००४ च्या सुमाराला. दोन एकरांत त्याने शिराज ही वाइनची जात लावली. "आमची पिढी मणी फुगवण्यात हयात घालवलेली," तो सांगतो. खायच्या द्राक्षाला जिब्रेलिक आम्लाच्या, म्हणजे जीएच्या, बुडवण्या द्यायच्या, घडाची विरळणी करायची, मणी अठरा मिलिमीटरच्या वर गेला की निर्यातवाला खूश. वाइनला नेमकं उलटं हवं. मणी बारीक, साल जाड, बी भरपूर, पाणी मोजून. रंग आणि तुरटपणा सालीत असतो, त्यामुळे मणी जितका लहान तितकं रसाच्या मानाने सालीचं प्रमाण जास्त. पैसे वजनासोबत साखर, म्हणजे ब्रिक्स, मोजून. "दादा रोज बांधावर उभे राहून शिव्या घालायचे. एवढुसे मणी बघून त्यांना वाटायचं, पोराने बाग उपाशी मारली."

पहिली काही वर्षं बरी गेली. मग २००८ ची मंदी आली, त्यातच २६ नोव्हेंबरचा मुंबईवरचा हल्ला झाला. वाइनचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे पंचतारांकित हॉटेलं आणि परदेशी पाहुणे. पाहुणे यायचे थांबले, हॉटेलं एकदम ओस पडली. टाक्या भरलेल्या राहिल्या, नव्या हंगामाचा माल घ्यायला वायनऱ्यांकडे ना जागा ना पैसा. मित्राचा करार ज्या वायनरीशी होता, तिने आधी तोडणी पुढे ढकलली, मग भाव पाडला, शेवटी फोन उचलणं सोडलं. वाइनचं द्राक्ष बाजारात नेऊन विकता येत नाही. बियांचं, जाड सालीचं फळ कोण खाणार? पुढच्या वर्षी त्याने शिराज उपटून पुन्हा खायची थॉमसन लावली. जिल्ह्यात असे बरेच निघाले. आणि २०१० मध्ये क्लोरमेक्वाटचे अंश सापडले म्हणून युरोपाने भारतीय द्राक्षांचे कंटेनर अडवले, तेव्हा निर्यातवाल्यांच्याही तोंडचं पाणी पळालं. हे सांगताना तो हसला. वहिनी हसल्या नाहीत. त्यांचे दागिने गहाण पडले होते ते त्याच साली.

म्हणून त्याच्यासोबत वायनरीत जाणं ही वेगळीच गंमत. काउंटरवरचा तरुण ओठांवरच्या पाठांतराने सांगत होता, ग्लास फिरवा, नाक घाला, कोणती फळं आठवतात? आमच्या शेजारचं जोडपं पेरू म्हणालं, लिची म्हणालं. मित्राने वास घेतला आणि विचारलं, "तोडणी किती ब्रिक्सला?" तरुण गडबडला, पण आतून कुणाला तरी बोलावून आणलं, आणि पुढचा तासभर आम्हाला टाक्यांमधून हिंडवलं गेलं. पांढऱ्या वाइनचा रस सालीपासून आधीच वेगळा काढतात आणि पंधरा अंशांच्या आसपास थंड ठेवून सावकाश आंबवतात. टाकीभोवती गार पाण्याची दुहेरी भिंत असते. लाल वाइन सालीसकट आणि जास्त उष्णतेला आंबते. फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात हे तापमान धरून ठेवण्यात जी वीज जळते, तिचा धसका तिथल्या माणसाने फ्रेंच लाकडाच्या पिंपांपेक्षा जास्त घेतलेला दिसला. थुंकायचं भांडं काउंटरवर होतं. कोरडं ठणठणीत. पैसे देऊन थुंकायचं हे मराठी माणसाला पटायला वेळ लागेल.

जेवायला वर गच्चीत बसलो. समोर धरणाचं पाणी, ताटात पिझ्झा. पिझ्झा चांगला होता. तरी वायनऱ्यांच्या जेवणाबद्दल माझी तक्रार आहे. खाली नाशिक जिल्हा पसरलेला आणि खाद्ययादीत त्याचा मागमूस नाही. शहरात लोक सकाळी सातला काळ्या मसाल्याच्या मिसळीसाठी रांगा लावतात. गंगापूर रस्त्याच्या बाजूच्या 'साधना'ची चुलीवरची मिसळ खाण्यासाठी मुंबईहून माणसं येतात, सोबत पापड, दही आणि जिलबी. 'सायंतारा'चा साबुदाणा वडा आहे, कोंडाजीचा चिवडा आहे. मिसळीच्या रांगेतली आणि वायनरीतली माणसं पुष्कळदा तीच असतात, सकाळी इकडे, दुपारी तिकडे. फक्त दोन्ही पदार्थ एका टेबलावर येत नाहीत.

ते आम्ही रविवारी ओसरीवर आणले. वहिनींनी मटकीची उसळ आणि काळ्या मसाल्याचा रस्सा केला होता, तर्री वेगळ्या वाटीत. आम्ही दोन बाटल्या आणल्या, एक शेना ब्लां, एक काबरने सोव्हिन्यां. काबरने रश्श्यापुढे सपशेल हरली. तुरटपणा आणि मद्यार्क, दोघेही तिखटाची आग वाढवतात. दुसऱ्या घोटाला मित्राने पाण्याचा तांब्या ओढला. शेना ब्लां मात्र बर्फात गार केलेली, किंचित गोडसर. ती तिखटाला दाबत नाही, बाजूला सरकवते, आणि तिचा आंबटपणा लिंबाचं काम करतो. वहिनींनी एक घोट घेऊन निकाल दिला, "सोलकढी बरी. पण ही चालेल." वायनऱ्यांच्या आचाऱ्यांनी एवढ्यावर काम करावं. शेव आणि फरसाण देऊन 'भारतीय चव' म्हणायचं सोडावं.

ज्यांना गंगापूरची गर्दी नको, त्यांनी इगतपुरीकडे जावं. कावनईच्या पायथ्याशी मुकणे धरणाजवळ 'व्हॅलोने' आहे, सांजेगावला 'ग्रोव्हर झाम्पा'. दिंडोरीत मोएत हेनेसीची 'शांदों' फेसाळ वाइन करते. गंगापूरच्याच काठावरची 'यॉर्क' २०२१ मध्ये सुलाने घेतली. छोट्या वायनऱ्यांचं पुढे काय होतं याचं ते एक उत्तर.

दुसरं उत्तर सरकार द्यायला निघालं होतं. २७ जानेवारी २०२२ रोजी राज्य मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला परवानगी द्यायचं ठरवलं. शंभर चौरस मीटरहून मोठी दुकानं, शाळा-देवळांपासून अंतर, बंद कपाट, अशा अटी होत्या. कारण शेतकऱ्याचं हित हे सांगितलं. अण्णा हजारे उपोषणाच्या तयारीत उतरले, विरोधकांनी महाराष्ट्राचं मद्यराष्ट्र होणार म्हणून रान उठवलं, हरकती मागवल्या गेल्या, मग सरकारच बदललं आणि निर्णय कागदावर राहिला. वायनऱ्यांना आधार उरला तो व्हॅट परताव्याचा. वीस टक्क्यांतले सोळा परत मिळतात, तोही सरकारच्या मर्जीने मध्येच थांबतो आणि पुन्हा सुरू होतो. छोट्या वायनरीला बाटली लोकांसमोर मांडायची जागा तेव्हाही तिचं अंगणच होती, आजही तेच आहे. ज्याच्याकडे धरणाचा देखावा नाही, गच्ची नाही, खोल्या नाहीत, त्याने वाइन कितीही चांगली केली तरी ती विकताना दमछाक होते.

मी मित्राला विचारलं, आता बाजार सुधारलाय, करारही जास्त वर्षांचे होतात म्हणे, दोन एकर पुन्हा लावशील?

"लावेन की," तो म्हणाला. "पण करार दुपारशी करीन, बाटलीशी नाही. बांधावर चार टेबलं टाकतो, हिच्या हातची मिसळ, आणि शेजारच्या वायनरीची शेना ब्लां."

"परवाना कोण काढणार?" वहिनी म्हणाल्या. "आणि भांडी कोण घासणार, ते आधी ठरवा. भावोजी, तुम्ही फेब्रुवारीत या. तोडणी बघायला मिळेल. फक्त शनिवार सोडून या, रस्त्यात अडकाल."