बटणामागचे टूलकिट

संगणकावरचा प्रोग्राम आपली बटणे, मेन्यू, मजकुराच्या चौकटी सहसा स्वतः काढत बसत नाही. ते काम ग्राफिकल टूलकिट ही तयार लायब्ररी करते. लिनक्सवरचे जीटीके हे असेच एक टूलकिट. ‘गिंप’ या चित्रसंपादकासाठी ते लिहिले गेले आणि पुढे असंख्य प्रोग्राम त्यावर उभे राहिले. त्याची दुसरी मोठी आवृत्ती २००२मध्ये आली, तिसरी २०११मध्ये, चौथी २०२०मध्ये. खुद्द गिंपची तिसरीवर चालणारी स्थिर आवृत्ती यायला मात्र २०२५ उजाडले. एका आवृत्तीवरून दुसरीवर जाण्याचे काम किती चिवट आहे, ते एवढ्यावरून कळावे.

दोन मोठ्या आवृत्त्या एका संगणकावर सुखाने नांदतात, एका चालू प्रोग्रामात नाही. मुख्य प्रोग्राम तिसरीवर आला आणि त्याच्यातच लोड होणारे एखादे जुने प्लगइन दुसरीवर राहिले, तर जीटीके तिथेच चूक दाखवून थांबते. ही चूक लगेच कळते, म्हणून ती बरी. चौथ्या आवृत्तीतला एक बदल अधिक फसवा आहे. आधी प्रत्येक विजेट, म्हणजे बटण किंवा चौकट यांसारखा घटक, ‘दिसू दे’ असे सांगेपर्यंत लपलेले असे. चौथीत बहुतेक विजेट मुळातच दिसतात. त्यामुळे वेळ येईपर्यंत झाकून ठेवलेले बटण प्रोग्राम उघडताच समोर येऊ शकते, आणि कुठेही चूक दाखवणारा संदेश येत नाही.

एकाच मोठ्या आवृत्तीतही निश्चिंत राहता येत नाही. नव्या उपआवृत्तीतले फंक्शन वापरून बांधलेला प्रोग्राम जुन्या संगणकावर ‘हे नाव सापडत नाही’ म्हणून बंद पडतो. म्हणून जी सर्वांत जुनी आवृत्ती चालवायची, तिच्यावरच प्रोग्राम बांधून आणि चालवून बघणे हा खरा उपाय. दिसण्याचेही तेच. २०१६च्या ३.२० आवृत्तीने सजावटीच्या नियमांची रचना बदलली आणि अनेक जुन्या थीम विस्कटल्या.

दिसण्याच्या स्वयंचलित चाचण्यांसाठी सर्व्हरवर खरा पडदा लागत नाही. एक्सव्हीएफबी नावाचा प्रोग्राम मेमरीतच पडदा उभा करतो. पडद्याचे जुने चित्र जपून त्याच्याशी तुलना केली, तर फाँट जरा बदलला तरी चाचणी नापास होते. जीटीकेच्या स्वतःच्या चाचण्यांनी यावर सुरेख तोड काढली आहे: एकच दृश्य दोन वेगळ्या पद्धतींनी लिहायचे, दोन्ही त्याच क्षणी काढायची आणि ठिपका न् ठिपका ताडून बघायचा.

देवनागरीपुढे मात्र ही युक्तीही अपुरी पडते. दुसऱ्या आवृत्तीपासून जीटीके मजकुराची मांडणी पँगो या लायब्ररीकडे सोपवते, आणि अक्षरांचे अंतिम रूप फाँटवरही अवलंबून असते. म्हणजे जीटीके तेच राहूनही मराठी बिघडू शकते. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ हे दोन शब्द लेबलावर घालून बघावेत. पहिल्यात रफार डोक्यावर हवा, दुसऱ्यात ‘या’च्या डावीकडे आडवी रेघ. त्या रेघेच्या जागी रफार आला की स्वयंपाक्यांचे गुरुजी होतात. तुलनेतली दोन्ही चित्रे एकाच यंत्रणेने काढलेली असल्याने दोन्हींत तीच चूक येते आणि चाचणी उत्तीर्ण होते. ती चूक पकडायला मराठी वाचणारे डोळेच पडद्यासमोर बसवावे लागतात.