सैनिकांचा पत्रव्यवहार, भारतीय
पहिल्या महायुद्धात (१९१४–१८) परदेशी लढणारे भारतीय शिपाई व त्यांचे कुटुंबीय यांच्यातील पत्रव्यवहार. सप्टेंबर १९१४ च्या अखेरीस भारतीय पायदळाच्या पहिल्या पलटणी फ्रान्समधील मार्से बंदरात उतरल्या. खंदकांतील थंडी, चिखल व तोफांचा मारा सोसणाऱ्या शिपायाचा घराशी संबंध मुख्यत्वे पत्रांद्वारेच टिकून होता. बहुतेक शिपाई निरक्षर असल्याने ते पत्रे साक्षर सोबत्यांकडून लिहवून घेत. गावीही ती बहुधा दुसऱ्याने वाचून दाखवावी लागत. त्यामुळे पतिपत्नींच्या खाजगी मजकुरासही एकांत नसे. शेती, कर्ज, विवाह, पाठविलेला पैसा इ. विषय त्यांत येत. पत्रे तपासण्यासाठी फ्रान्समध्ये स्वतंत्र अभ्यवेक्षण कचेरी होती. तिची नजर चुकविण्यासाठी भारतीय सैनिकांना ‘काळी मिरी’ व गोऱ्यांना ‘लाल मिरची’ असे सांकेतिक शब्द योजून मनुष्यहानी सूचित केली जाई. नातलगांनी भरती होऊ नये, असा इशाराही काही पत्रांत आढळतो. सैनिकांच्या मनोधैर्याचा अंदाज घेण्यासाठी अभ्यवेक्षक निवडक उताऱ्यांचे इंग्रजी भाषांतर अहवालांना जोडीत. हे अहवाल लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत जतन केलेले आहेत. मूळ पत्रे बहुतांशी उपलब्ध नसल्याने, ज्या यंत्रणेचा शिपायांना धाक होता, तिच्याच दप्तरामुळे त्यांचे मनोगत आज ज्ञात होते.