टिपरे कुटुंब, सलग

‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ ही केदार शिंदे दिग्दर्शित विनोदी मालिका 2001 मध्ये अल्फा टीव्ही मराठीवर (नंतरची झी मराठी) सुरू झाली. तिचा आधार दिलीप प्रभावळकर यांचे ‘अनुदिनी’ हे पुस्तक. आजोबांची, म्हणजे आबांची, भूमिकाही त्यांनीच केली. आजोबा, मुलगा शेखर, सून श्यामला आणि शलाका व शिऱ्या ही नातवंडे, एवढाच संसार. भागाचा विषय घरगुती आणि किरकोळ असे; भांडण बहुधा त्याच भागात मिटे आणि आबा डायरी लिहायला बसत.

तेव्हा प्रेक्षकाला पुढच्या भागासाठी आठवडाभर थांबण्याशिवाय इलाज नव्हता. नेटफ्लिक्सने 2013 मध्ये ‘हाउस ऑफ कार्ड्‌स’चा पूर्ण हंगाम एकदम खुला केला आणि एका बैठकीत मालिका संपवण्याची सवय जगभर फोफावली. ही कंपनी 2016 मध्ये भारतात आली. झीची स्ट्रीमिंग सेवा झी5 2018 मध्ये.

सलग पाहताना रहस्यमालिकेत कथानकाची ओढ असते. टिपऱ्यांकडे ती जवळपास नाहीच. प्रेक्षक थांबतो तो माणसांसाठी. मात्र चार-पाच भागांनंतर रचनेचा साचा उघडा पडतो, हेही खरे.

शिंदे यांचा पसारा मालिकेपुरता नाही. भरत जाधव यांची भूमिका असलेले ‘सही रे सही’ (2002) हे नाटक शिंदे यांनीच लिहिले आणि बसवले. ‘अगं बाई अरेच्चा!’ (2004), ‘जत्रा’ (2006), ‘महाराष्ट्र शाहीर’ आणि ‘बाईपण भारी देवा’ (दोन्ही 2023) हे त्यांचे चित्रपट. ‘महाराष्ट्र शाहीर’ ज्यांच्यावर आहे ते शाहीर साबळे हे त्यांचे आजोबा.