विमानात लेकरू सोबत आहे? खाऊचा डबा असा भरा

पुणे-दिल्ली विमान दोन-सव्वादोन तासांत पोहोचतं. पण गावातून निघणं, दोन तास आधी विमानतळ गाठणं, तपासणी हे सगळं धरलं तर लहान मुलांचे सात-आठ तास सहज जातात. म्हणून खाऊ घरूनच न्यावा.

काय न्यावं?
तूप-साखर लावून गुंडाळलेली पोळी, मऊ दशमी, राजगिऱ्याचा लाडू, केळी. छोट्या डब्यांत थोडं-थोडं भरा.

काय टाळावं?
अख्खे शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं चार वर्षांखालच्या मुलांच्या घशात अडकू शकतात. आकाशात दवाखाना जवळ नसतो. सुकं खोबरंही नेऊ नका. त्यात तेल जास्त, ते पेट घेऊ शकतं. त्यामुळे ते हातातल्या पिशवीत चालत नाही आणि मोठ्या बॅगेतही चालत नाही.

दुधाचं काय?
बाळाचं दूध, पेज प्रवासापुरती नेता येते. परदेशी विमानात द्रव पदार्थांना 100 मिलीची मर्यादा असते, पण बाळाच्या आहाराला सूट आहे. तपासणीला पिशवी वेगळी काढून दाखवा.

सगळं दूध आधीच संपवू नका. विमान खाली उतरताना हवेचा दाब बदलतो, बाळाचे कान दुखतात आणि ते रडतं. गिळल्याने कान मोकळे होतात. उतरण्याची सूचना झाली की बाळाला जागं करून अंगावर किंवा बाटलीने पाजा. मोठ्या मुलाला घोट-घोट पाणी द्या.