फोटो कुणाचा, पैसे कधी? मुंबईतल्या फ्रीलान्स फोटोग्राफरचं काम समजून घेताना

दहावी-बारावीचे निकाल लागले की पालक शाळेत भेटायला येतात. पूर्वी प्रश्न एकच असायचा, सायन्स की कॉमर्स. गेल्या काही वर्षांत एक नवा प्रश्न येऊ लागला आहे, तोही जरा दबक्या आवाजात. "सर, आमचा म्हणतो फोटोग्राफी करणार, मुंबईला जाऊन. यात रोजी आहे का?" विचारणारे अब्बा बहुधा आखातात नोकरी करून आलेले असतात. महिन्याच्या महिन्याला पगार, वर्षाला सुट्टी, हे त्यांनी पाहिलेलं जग. मुलगा मात्र म्हणतो की नोकरी नाही, स्वतःचं काम.

माझे चार-पाच जुने विद्यार्थी हे काम करतात. कुणी कुर्ल्यात राहतो, कुणी मुंब्र्यात, एक मीरा रोडला. त्यांच्याकडून जे ऐकलं, आणि कायद्यात जे वाचलं, ते इथे मांडतो. रोजी आहे, हे आधीच सांगून टाकतो. पण ती कॅमेऱ्याइतकीच कागदावर अवलंबून आहे, आणि ही गोष्ट ना मुलांना माहीत असते, ना घरच्यांना.

फ्रीलान्स म्हणजे कुणाच्याही पगारावर नसलेला. पीएफ नाही, आजारपणाची रजा नाही, ईदचा बोनस नाही. जो बोलावेल त्याचं काम, ठरलेल्या पैशांत. मुंबईत अशी कामं नाना तऱ्हेची असतात. लग्नं तर आहेतच. त्याशिवाय कंपन्यांचे कार्यक्रम, ऑनलाइन विकायच्या कपड्यांचे आणि भांड्यांचे फोटो, हॉटेलच्या मेनूसाठी खाण्याचे फोटो, वर्सोव्याला नशीब आजमावायला आलेल्या मुलामुलींचे पोर्टफोलिओ, बिल्डरांचे फ्लॅट. वर्तमानपत्रांची कामं आता कमी झाली आहेत आणि त्यांचे पैसेही. बातमीचे फोटो काढायच्या ओढीने आलेला मुलगा महिन्याचं भाडं मात्र बिर्याणीच्या हंडीचे फोटो काढून भरतो, असं सर्रास दिसतं. त्यात कमीपणा काही नाही.

एका लग्नाचा हिशोब

लोकांना दिसतं ते एवढंच, की हा संध्याकाळी येतो, चार-सहा तास फोटो काढतो, जेवतो आणि पैसे घेऊन जातो. मी गणिताचा मास्तर, म्हणून हिशोबच मांडतो. आकडे समजण्यासाठी धरले आहेत, पण धाटणी खरी आहे.

समजा निकाह आणि वलीमा मिळून ३०,००० रुपये ठरले. बायकांच्या बाजूला दुसरी फोटोग्राफर लागते, तिचे ७,००० गेले. लाइट आणि एक लेन्स भाड्याने आणली, ३,०००. रात्री दीड वाजता लोकल बंद, सामान घेऊन टॅक्सी, दोन दिवसांचे मिळून २,०००. छापील अल्बमचे ६,०००. हातात उरले १२,०००. आता दिवस मोजा. आधी भेट आणि हॉल बघणं यात एक दिवस, फोटो काढायचे दोन, निवड आणि रंग दुरुस्तीचे चार, अल्बम लावायचा एक. आठ दिवस. म्हणजे दिवसाला १,५०० रुपये, आणि कॅमेऱ्याची झीज त्यात अजून धरलेलीच नाही.

झीज ही पालकांच्या लक्षात येत नाही अशी बाब आहे. कॅमेऱ्यातलं शटर ठरावीक क्लिकपर्यंतच टिकतं. अनेक मॉडेलसाठी कंपन्या दीड ते दोन लाख क्लिकचा अंदाज देतात. एका लग्नात तीन हजार क्लिक सहज होतात. वर्षाला अशी चाळीस लग्नं केली तर एक लाख वीस हजार. म्हणजे दोन वर्षं व्हायच्या आत शटर बदलण्याचा नाहीतर नव्या बॉडीचा खर्च दारात उभा. शिवाय आपली कोकण-मुंबईची दमट हवा. पावसाळ्यात लेन्सच्या काचेत बुरशी धरते. जाळ्यासारखी पांढरी रेघ एकदा खोलवर गेली की साफ करूनही डाग राहतो. म्हणून जाणकार मुलं बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या ठेवतात, जमलं तर ओल शोषणारं छोटं कपाट घेतात. सुरुवातीला महागडं सामान कर्जाने घेण्यापेक्षा भाड्याने आणावं, किंवा फोर्टातल्या बोरा बाजारात जाऊन वापरलेलं पारखून घ्यावं, असं मला ही मुलंच सांगतात. पटण्यासारखं आहे.

आणखी एक काम आहे जे कुणाला दिसत नाही, ते म्हणजे फोटो सांभाळणं. लग्न दुसऱ्यांदा होत नाही. म्हणून दोन कार्ड घेणाऱ्या कॅमेऱ्यात एकाच वेळी दोन्हीवर फोटो उतरवतात, घरी आल्याबरोबर दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर टाकतात, आणि एक डिस्क दुसऱ्या घरी ठेवतात. रात्री अडीचला घरी पोचून मुलगा संगणक लावून बसला तर अम्मीने रागावू नये. तो खेळत नसतो.

कामाचे दिवस वर्षभर सारखे येत नाहीत. जून ते सप्टेंबर बाहेरची कामं थंडावतात, चातुर्मासात हिंदू लग्नं फारशी नसतात. आपल्याकडे रमजानमध्ये हॉल रिकामे, मुहर्रममध्येही बरीच घरं लग्न टाळतात, आणि ईदनंतर एकदम गर्दी. त्यातून हिजरी वर्ष दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतं, त्यामुळे हा मोकळा काळ दरवर्षी हलत राहतो. माझा एक विद्यार्थी भिंतीवर दोन कॅलेंडरं लावतो, एक पंचांगाचं आणि एक चांद्र तारखांचं. एका समाजाची लग्नं थांबतात तेव्हा दुसऱ्याची चालू असतात. ज्याने फक्त आपल्याच मोहल्ल्याची कामं धरली त्याचे तीन-चार महिने कोरडे जातात.

पैसे अडकतात कुठे

काम मिळणं ही अर्धीच लढाई. लग्नाच्या कामात शेवटचा हप्ता अल्बमवर अडतो. पाचशे फोटोंतून दीडशे निवडा म्हटलं की घरात सहा महिने निवड चालते. फुप्पीला एक फोटो आवडतो, नवरीला दुसरा. तोवर फोटोग्राफरचे दहा हजार लटकलेले. यात दोष सरळ आपल्या घरांचा आहे. आता शहाणी मुलं असं ठरवतात की थोडे पैसे बुकिंगला, मोठा भाग कार्यक्रमाच्या दिवशी, आणि उरलेले फोटो सोपवताना. अल्बम कधीही निवडा. असं कुणी सांगितलं तर त्याला लालची समजू नका.

कंपन्यांचं दुखणं वेगळं. बिल दिलं की "साठ दिवस, नव्वद दिवस" असं उत्तर मिळतं. एका विद्यार्थ्याचे एका कंपनीकडे सात महिने पैसे अडकले होते. फोन केला की अकाउंट्सवाले साहेब रजेवर.

इथे कायदा मदतीला आहे, पण फार थोड्यांना ठाऊक आहे. केंद्र सरकारचा २००६ चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांचा कायदा फक्त कारखान्यांसाठी नाही, सेवा देणाऱ्यांसाठीही आहे. एकट्याने काम करणारा फोटोग्राफर आधारच्या मदतीने 'उद्यम' पोर्टलवर नोंदणी करू शकतो. ही नोंदणी मोफत आहे, पैसे मागणारा एजंट दिसला तर उलट पावली परत यावं. नोंदणीकृत सूक्ष्म उद्योगाचे पैसे घेणाऱ्याने लेखी ठरलेल्या मुदतीत द्यायचे, आणि ती मुदत ४५ दिवसांपेक्षा जास्त असू शकत नाही. लेखी काही ठरलंच नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट, महिन्याच्या चक्रवाढीने व्याज लागू होतं. तक्रार ऑनलाइन करता येते, ती राज्याच्या सुलभीकरण परिषदेपुढे जाते. मात्र काम घेण्याआधीच नोंदणी करून ठेवावी, भांडण झाल्यावर नव्हे.

आता व्यवहाराची गोष्टही सांगायला हवी. तक्रार केली तर ती कंपनी पुन्हा बोलावणार नाही, या भीतीने बहुतेक मुलं गप्प बसतात. पण बिलाच्या खाली उद्यम क्रमांक छापलेला असला, तर अकाउंट्सवाला ते बिल जरा वरच्या ढिगात ठेवतो, असा या मुलांचा अनुभव आहे. कारण सूक्ष्म आणि लघु उद्योगांना वेळेत न दिलेले पैसे कंपनीला त्या वर्षी आयकरात खर्च म्हणून दाखवता येत नाहीत. तो नियम २०२४ पासून जाणवू लागला.

करांचं थोडक्यात. सेवेची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर महाराष्ट्रात जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. कंपनी पैसे देताना टीडीएस कापते, आणि रिटर्न भरलं नाही तर तो परत मिळत नाही. रिटर्नचा दुसरा फायदा असा की उद्या घरासाठी कर्ज हवं असेल तर बँक पगाराच्या पावतीऐवजी तेच मागते.

काढलेला फोटो कुणाच्या मालकीचा

ज्याने काढला त्याचा, असंच कुणीही म्हणेल. कायदा तसं सरसकट म्हणत नाही.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७ पाहा. स्वतःच्या मनाने, स्वतःसाठी काढलेला फोटो असेल तर मालक फोटोग्राफर. नोकरीत असताना काढलेल्या फोटोचा मालक सहसा मालक-संस्था. दानिश सिद्दीकी यांचं नाव आपल्या घरांत माहीत आहे. जामिया मिल्लियात शिकलेले, रोहिंग्यांच्या फोटोंसाठी २०१८ मध्ये सहकाऱ्यांसोबत पुलित्झर मिळवलेले, २०२१ च्या जुलैत अफगाणिस्तानात काम करताना मारले गेलेले. ते रॉयटर्स या वृत्तसंस्थेच्या नोकरीत होते, फ्रीलान्स नव्हते. मुलं त्यांचं नाव घेऊन या क्षेत्रात येतात, तेव्हा हा फरक त्यांना सांगायला हवा.

तिसरा प्रकार सगळ्यात महत्त्वाचा. कुणी पैसे देऊन सांगितलं की माझ्यासाठी फोटो काढ, आणि दोघांत वेगळा करार झाला नसेल, तर कॉपीराइटचा पहिला मालक पैसे देणारा. फोटोग्राफर नाही.

याचे परिणाम दोन्हीकडे होतात. माझ्या एका विद्यार्थ्याने एका हॉटेलच्या मेनूकार्डासाठी फोटो काढले, ठरल्याप्रमाणे पैसे मिळाले. वर्षभराने तेच फोटो त्याला रस्त्यावरच्या मोठ्या होर्डिंगवर दिसले. जाऊन विचारलं तर उत्तर आलं, "पैसे दिले होते ना?" लिहिलेलं काहीच नव्हतं, त्यामुळे बोलायला जागा उरली नाही. आता तो काम घेण्याआधी ईमेलवर चार ओळी पाठवतो. फोटो कुठे वापरायचे, किती काळ, मालकी कुणाची, आणि इतर वापराला वेगळे पैसे. समोरून "मान्य" असं उत्तर आलं की मगच बॅग उचलतो. एक हक्क मात्र मालकी गेली तरी जात नाही. हा फोटो मी काढला, हे सांगण्याचा हक्क कलम ५७ प्रमाणे फोटोग्राफरकडेच राहतो.

आता आपल्या घराच्या बाजूने पाहा. निकाहचे फोटो तुम्ही पैसे देऊन काढून घेतले आणि करार केला नाही, तर ते तुमचे. फोटोग्राफरने नवरीचा फोटो तुम्हाला न विचारता इन्स्टाग्रामवर टाकला तर तुम्ही हक्काने काढायला लावू शकता. पण अलीकडे अनेक जण छापील बुकिंग फॉर्मवर सही घेतात, आणि त्यात खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की फोटो जाहिरातीसाठी वापरू. सही करण्याआधी ते वाचा. बायकांच्या बाजूचे फोटो कुठेही टाकायचे नाहीत, संपादनासाठी बाहेर पाठवायचे नाहीत, असं हवं असेल तर तेही त्याच कागदावर लिहून घ्या. चांगला फोटोग्राफर याला नाही म्हणत नाही. नवीन मुलांना आपले फोटो दाखवल्याशिवाय पुढचं काम मिळत नाही हेही खरं आहे. तेव्हा नुसत्या सजावटीचे, मेहंदी लावलेल्या हातांचे फोटो वापरायला परवानगी दिली तर त्याचं काम होतं आणि तुमचा पडदाही राहतो.

मुलींसाठी

याच कारणाने मुलींना या कामात जागा आहे. आपल्या लग्नांत बायकांच्या बाजूला बाईच फोटोग्राफर हवी असते, आणि अशा फोटोग्राफर मागणीच्या मानाने फार कमी आहेत. होमाई व्यारावाला मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकल्या आणि देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार ठरल्या. त्यांचे सुरुवातीचे बरेच फोटो पतीच्या नावाने छापले गेले. आजही मुलगी फोटो काढते आणि पाटी भावाच्या स्टुडिओची असते, बिल भावाच्या नावाचं निघतं. उद्यमची नोंदणी, बँक खातं आणि बिल तिच्या नावाने असू द्या. निदान कागदावर तरी तिचं काम तिचं दिसेल.

सुरक्षिततेची काळजी खोटी नाही. २०१३ मध्ये शक्ती मिलच्या पडक्या आवारात एक तरुण फोटो-पत्रकार कामावरच होती, सोबत सहकारीही होता. म्हणून अनोळखी ग्राहकाला आधी गजबजलेल्या जागी भेटणं, हॉलचा पत्ता आणि सुटण्याची वेळ घरी कळवणं, रात्रीच्या परतीचं भाडं ग्राहकाच्या बिलातच धरणं, हे या मुली करतात. शेवटची गोष्ट मुलांनीही करावी.

बसून दीडशे लग्नं केली तरी स्वतःचा म्हणून काही ठेवा साचत नाही, अशी तक्रार मुलं करतात. म्हणून माझे दोन विद्यार्थी रविवारी सकाळी कुणी न सांगता, कुणाचे पैसे न घेता बाहेर पडतात. भाऊच्या धक्क्यावर मासळीचा लिलाव, माहीमचा उरूस, डोंगरीतल्या जुन्या इमारती, ज्या एकेक करून पाडल्या जात आहेत. हे फोटो कलम १७ प्रमाणे पूर्णपणे त्यांचेच. आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर फोटोचा कॉपीराइट काढणाऱ्याच्या हयातीपर्यंत आणि मृत्यूनंतर आणखी ६० वर्षं टिकतो. म्हणजे ती हार्ड डिस्क, जमिनीच्या सातबाऱ्यासारखी, मुला-नातवंडांना वारशात जाऊ शकते. फक्त कोणती फाइल स्वतःची आणि कोणती ग्राहकाची, याची यादी आजच एका वहीत लिहून ठेवायला हवी.