भरतीची तिथी

नर्मदा परिक्रमेला एकटीने, पायी निघणार असं सांगितलं की पहिला प्रश्न पिशवीवर येतो. वजन किती, बूट कुठले, अंथरायला काय? दुसरा प्रश्न भीतीचा असतो. दोन्हींची उत्तरं मी देते. पण गेली काही वर्षं माझा अभ्यास चालला आहे तो नदीच्या वेळापत्रकाचा. ती कुठे अडवली आहे, तिथून पाणी केव्हा सुटतं, समुद्र तिच्यात किती आत शिरतो, हे ज्याला ठाऊक आहे त्याची निम्मी तयारी घरबसल्या झाली, असं माझं ठाम मत आहे.

जुजबी माहिती आधी उरकते. अमरकंटकला उगम, भडोचच्या पुढे खंबातच्या आखातात मुख, लांबी १,३१२ किलोमीटर. दोन्ही काठ धरून परिक्रमा साधारण २,६०० किलोमीटरची. मैया कायम उजव्या हाताला ठेवायची, तिचं पात्र ओलांडायचं नाही, चातुर्मासात एका जागी थांबायचं. शास्त्रोक्त मुदत तीन वर्षं, तीन महिने, तेरा दिवस. आता बहुतेक जण कार्तिकी एकादशीनंतर ओंकारेश्वरहून निघतात आणि उन्हाळ्यात परततात. आपल्या गो. नी. दांडेकरांचं ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ आणि जगन्नाथ कुंटे यांचं ‘नर्मदे हर हर’ वाचून घराबाहेर पडलेली मराठी माणसं काठाकाठावर भेटतात. तरी ही वाट शांतच. वारीसारखी दिंडी नाही, विणेकरी नाही, मुक्कामाची ठरलेली तारीख नाही. दिवसभरात समोरून एखादा गुराखी ‘नर्मदे हर’ म्हणून जातो, तेवढाच शब्द कानावर पडतो.

आता माझ्या आवडीचं. माझं माहेर गुहागरच्या बाजूचं. आजोबा तिथीला पाऊणने गुणून भरतीची वेळ सांगायचे. अष्टमी असेल तर आठ पाऊणे सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला पूर्ण भरती. कोकणात हे पोराटोरांनाही येतं. परिक्रमेत समुद्र लागतो हे कळलं तेव्हा मला वाटलं, हा भाग तरी आपल्याला नवा नाही. पण खंबातच्या आखातात आजोबांचं गणित जसंच्या तसं चालत नाही. भरतीची लाट अरबी समुद्रातून त्या निमुळत्या आखातात शिरते आणि वर सरकत जाते. मुंबईला पाणी पूर्ण भरल्यावर नर्मदेच्या मुखाशी ते भरायला आणखी काही तास लागतात. आखात आत अरुंद आणि उथळ होत जात असल्याने पाण्याला पसरायला जागा मिळत नाही, म्हणून ते उंच चढतं. भावनगरला उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीतला फरक दहा मीटरच्याही वर जातो. भारताच्या किनाऱ्यावर एवढा फरक क्वचितच कुठे दिसतो. नदीमुखात आणखी एक गोष्ट आहे: पाणी झपाट्याने चढतं आणि सावकाश उतरतं. कोकणातल्या खाडीच्या सवयीने तिथे चिखलात उभं राहू नये.

परिक्रमेत याचं महत्त्व असं, की दक्षिण तट विमलेश्वर-कठपोरपाशी संपतो आणि उत्तर तट दहेजजवळच्या मीठी तलाईला सुरू होतो. मधे रेवासागर. नदी ओलांडायची नाही, म्हणून तिच्या मुखाच्या बाहेरून, समुद्रातून वळसा घालायचा. त्यासाठी होडी, आणि होडी सुटते ती पाण्याच्या वेळेने.

मी मुद्दाम हे बघायला विमलेश्वरला गेले. अंकलेश्वरहून हांसोट, पुढे मिठागरं आणि सपाट खारी जमीन. आश्रमात परिक्रमावासींची नावं लिहून घेतलेली, उद्याचं पाणी केव्हाचं याचीच चर्चा. मी पोचले तेव्हा ओहोटी होती. होडी खाडीच्या तळाशी, चिखलात एका कुशीवर कललेली. चिखल करडा, गुळगुळीत, पोटरीपर्यंत पाय आत जाणारा. लातूरकडच्या दोन बायका लुगड्याचा काचा मारून, चपला पिशवीत घालून तयार बसल्या होत्या. मग चिखलातल्या चाकोऱ्यांमधून पाण्याची एक बारीक धार आत आली. तिला कुणी भरती म्हणालं नसतं. थोड्या वेळात चाकोऱ्या बुजल्या, होडीचा तळ हलला आणि ती सरळ झाली. नावाडी म्हणाला, ‘‘बेन, पाणी चढे त्यारे होडी चाले.’’ पाणी चढेल तेव्हाच होडी चालेल, मग दुपार असो की मध्यरात्र. तीन-चार तासांचा प्रवास. मधे कुपीतलं थोडं नर्मदाजल समुद्रात सोडून समुद्राचं पाणी कुपीत घेण्याची प्रथा आहे. रात्रीची होडी मिळाली तर समोर दहेजच्या कारखान्यांचे दिवे दिसत राहतात.

म्हणून माझ्या वहीत मी निघायच्या तारखेआधी एक कोष्टक केलं आहे. ओंकारेश्वरहून रोजचे वीस किलोमीटर धरून विमलेश्वरला कुठल्या तिथीला पोचेन, त्या दिवशी भरती दिवसाची की रात्रीची. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे जाते, त्यामुळे दोन दिवस अलीकडे-पलीकडे झाले तरी फार बिघडत नाही, पण आठवड्याचा फरक पडला तर दिवसाची होडी रात्रीची होते. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, पाण्याला ओढ जास्त. अष्टमीच्या आसपास भांग, पाणी कमी आणि चिखल जास्त तुडवायचा. मला अष्टमी टाळायची आहे.

याच टोकाला गोड्या पाण्याचंही बघावं लागतं. वर धरणांनी पाणी अडवल्याने समुद्राचं खारं पाणी भडोचपर्यंत नदीत चढतं. ते रोखायला भाडभूतला बंधाऱ्याचं काम चाललं आहे. पावसाळ्यात समुद्रातून नदीत चढणाऱ्या हिलसा माशांवर जगणारी तिथली कोळी कुटुंबं त्या बंधाऱ्याने धास्तावली आहेत, आणि त्यांची काळजी मला रास्त वाटते. चालणाऱ्यासाठी तात्पर्य एवढंच, की अंकलेश्वर सोडताना पाण्याच्या बाटल्या भरून घ्याव्यात. मैया शेजारून वाहते म्हणून ती पिण्याजोगी असेलच असं या पट्ट्यात धरता येत नाही.

वरच्या बाजूचं वेळापत्रक माणसाने केलेलं आहे. बर्गी, इंदिरासागर, ओंकारेश्वर, सरदार सरोवर. एप्रिल २००५ मध्ये देवास जिल्ह्यात धाराजीला भूतडी अमावास्येच्या मेळ्यात इंदिरासागरातून सोडलेलं पाणी रात्री आलं आणि काठावर झोपलेले अनेक भाविक वाहून गेले. हे वाचल्यापासून मी एक नियम केला आहे: धरणाच्या खालच्या अंगाला वाळूत आसन लावायचं नाही, भोंगा वाजला की आधी वर चढायचं. एकटीने चालताना हाक मारायला दुसरं कुणी नसतं, म्हणून हा नियम सोबत असणाऱ्यांपेक्षा मला जास्त लागू.

धरणांनी वाटही बदलली. जुन्या पुस्तकांतला काठ पुष्कळ ठिकाणी पाण्याखाली आहे. उपनद्यांच्या मुखांत फुगवटा शिरल्याने पूर्वी जिथे ओढा ओलांडून पलीकडे जाता येई, तिथे आता आत कित्येक किलोमीटर जाऊन यावं लागतं. बडवानीच्या पुढे तर दोनच पर्याय. एक शहादा-प्रकाशावरून सडकेने, दुसरा सातपुड्याच्या डोंगरातून, भादल, खापरमाळ, बिलगाव अशी आदिवासी गावं घेत. मी डोंगरातूनच जाणार. जुन्या वर्णनांत शूलपाणीच्या झाडीत परिक्रमावासींना लंगोटीपर्यंत लुटत. आज त्याच डोंगरांत, धरणात जमिनी गेलेल्या घरांतून, परक्या माणसाला मक्याची भाकरी मिळते. त्या झाडीची भीती घालणाऱ्यांनी एकदा तिथे मुक्काम करून यावं.

थोडं आडवाटेला जाते, कारण दक्षिण तटावर महेश्वरसमोर नावडातोडी आहे आणि ती मी चुकवणार नाही. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलियांनी १९५०च्या दशकात तिथे उत्खनन केलं. साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या गोल झोपड्या, रंगीत भांडी, जळून टिकलेले गव्हाचे दाणे सापडले. पलीकडच्या तीरावर अहिल्याबाईंचे घाट दिसतात. तिथे जायला आणखी काही महिने, कारण महेश्वर उत्तर तटावर. समोर दिसतं ते गाव अर्धा देश फिरून गाठायचं, ही गोष्ट मला परिक्रमेत सगळ्यात आवडते.

पिशवी सहा-सात किलोंची. पातळ सतरंजी, घोंगडी, दोन जोड, ताट-पेला, विजेरी, पंचांग. अमरकंटककडे थंडी बोचरी, म्हणून कानटोपी. बूट निघण्याआधी महिनाभर वापरलेले. मी नाशिकला गंगापूर धरणाच्या बाजूला पाठीवर तेवढंच वजन घेऊन चालते. बहुतेक आश्रमांत सकाळी बालभोग आणि दोन वेळा प्रसादी मिळते, पण काही ठिकाणी सदाव्रत, म्हणजे कोरडा शिधा, आणि स्वयंपाक आपला आपण. तीन दगडांच्या चुलीवर टिक्कड भाजायला मी शिकले आहे. कणीक घट्ट मळायची, जाड थापायची, आच बारीक. आच मोठी झाली की वरून करपतं आणि आत कच्चं राहतं.

बाईने एकटीने जावं का, यावर माझं म्हणणं असं. दिवस मावळायच्या आधी मुक्काम गाठायचा, सकाळी निघताना पुढच्या दोन आश्रमांची नावं आणि फोन लिहून घ्यायचे, रोज संध्याकाळी घरी एक निरोप द्यायचा. ‘‘माताजी, आसन लगा लो’’ म्हणणारी एखादी घरधनीण जवळपास प्रत्येक गावात असते. आणि एवढं करूनही मन मानत नसेल तर अमृतलाल वेगड यांच्यासारखं तुकड्यातुकड्याने चालावं. जबलपूरच्या या चित्रकाराने पन्नाशीच्या उंबरठ्यावर, १९७७मध्ये, सुट्ट्यांमध्ये खंडपरिक्रमा सुरू केली. त्यातून ‘सौंदर्य की नदी नर्मदा’सारखी पुस्तकं झाली. त्यांची परिक्रमा अपुरी होती असं ती वाचणारा म्हणणार नाही.

यंदा निघणार असाल तर ओंकारेश्वरला संकल्प सोडण्याआधी विमलेश्वरच्या आश्रमात एक फोन करा, तुम्ही पोचाल त्या आठवड्यात पाणी केव्हाचं आहे ते विचारा आणि पंचांगात त्या तिथीपुढे खूण करून ठेवा.