उद्या येतो की!

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, अशी आपल्याकडे म्हण आहे. ज्याने ती केली त्याच्या घरावर कौले नसावीत. नाही तर "कौले पाहावीत परतून" हेही त्याने जोडले असते. घर एकदा बांधले की झाले; पण बेळगावसारख्या पावसाच्या गावात कौलारू छप्पर दर वर्ष-दोन वर्षांनी माणूस शोधायला लावते. गेल्या उन्हाळ्यात ही कामगिरी माझ्यावर आली. "कॉमर्स शिकतोस ना? मग एवढा व्यवहार करून दाखव," असे वडील म्हणाले. किरकोळ दुरुस्तीला माणूस का मिळत नाही, या प्रश्नाचे जे उत्तर मला पुस्तकांतून, आणि शेवटी आमच्याच घरातून मिळाले, ते येथे मांडत आहे.

प्रथम काम काय होते ते सांगतो. आमच्या स्वयंपाकघरावर छपराचे दोन उतार एकत्र येतात. तेथे पत्र्याची पन्हळ आहे. परड्यातल्या आंब्याची एक फांदी नेमकी तिच्यावर आलेली. पाने पन्हळीत साचतात, पाणी तुंबते, ते कौलांखाली शिरते आणि वासा कुजतो. एक वासा बदलणे, पन्हळीचा पत्रा नवा घालणे, दहा-बारा फुटकी कौले बदलणे आणि फांदी उतरवणे, एवढेच काम. जाणत्याला दोन दिवसांचे.

पण या दोन दिवसांत चार कसबे आहेत. वाशाला सुतार, पन्हळीला पत्र्याचे काम करणारा, फांदीला झाडावर चढणारा आणि कौलांना कौलांवर चालता येणारा. हे चालणेही कसबच आहे. पाऊल कौलाच्या मध्यावर न टाकता खाली वाशाचा आधार असेल तेथे टाकावे लागते. नवशिका वर चढला तर दहा कौले बदलतो आणि पंधरा फोडून खाली येतो.

कौलांचा मिस्त्री म्हणाला, "आधी वासा बदलून घ्या." सुतार म्हणाला, "आधी फांदी काढा, ती असताना मी वर चढणार नाही." फांदीवाला म्हणाला, "एका फांदीसाठी दोर घेऊन कोण येणार? आणखी दोन झाडे असली तर सांगा."

ॲडम स्मिथने १७७६ मध्ये लिहिले आहे की श्रमविभागणी किती होणार हे बाजारपेठेच्या विस्तारावर ठरते. खेड्यातला सुतार लाकडाचे प्रत्येक काम करतो, कारण एकाच प्रकारचे काम त्याला वर्षभर पुरणार नाही. शहर वाढले की एकाचे चार कारागीर होतात आणि प्रत्येकजण आपल्या कामात तरबेज होतो. हा श्रमविभागणीचा फायदा आपण परीक्षेत लिहितो. त्या चौघांना एका दिवशी एका छपराखाली आणायचे कोणी, हा प्रश्न मात्र परीक्षेत येत नाही. मोठ्या इमारतीवर ते काम कंत्राटदार करतो आणि त्याचे पैसे घेतो. आमच्या छपरावर ते मी फुकट करत होतो, आणि वाईट करत होतो.

मग सुरू झाला "उद्या". मराठी मिस्त्री "उद्या येतो की" म्हणायचे, कन्नड मिस्त्री "नाळी बर्तेन्री" म्हणायचे. अर्थ एकच, आणि येणे न येणेही एकच. १९९० च्या दशकात कर्नाटकात एका भुताची आवई उठली होती. ते रात्री दार ठोठावते म्हणून लोक दारावर "नाळे बा", म्हणजे "उद्या ये", असे लिहून ठेवत. भूत वाचून परत जाई, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच वाची. त्या भुताची स्थिती मला अगदी जवळून कळली.

चिडून झाल्यावर मी हिशेब मांडला. पहिले कारण कामाच्या आकाराचे आहे. रोनाल्ड कोझ या अर्थशास्त्रज्ञाने १९३७ मध्ये दाखवून दिले की बाजारात व्यवहार करायलाच खर्च येतो: माणूस शोधणे, भाव ठरवणे, करार करणे. (त्यांना १९९१ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.) मिस्त्री आमच्याकडे येणार, वर चढून पाहणार, भाव ठरणार, मग सामान आणणार. यात त्याचा अर्धा दिवस जातो आणि तो कोणी मोजत नाही. हाच अर्धा दिवस एखाद्या बांधकामावर घातला तर पुढे दोन महिने रोज मिळतो. म्हणजे लहान काम त्याला महाग पडते, आणि आपण तर "एवढेसे काम, त्याचे एवढे पैसे?" असे म्हणतो.

दुसरे कारण हंगामाचे. वळवाचा पहिला पाऊस पडला की साऱ्या गावाला एकाच दिवशी छप्पर आठवते. त्याच सुमारास आसपासच्या खेड्यांतून येणाऱ्या कारागिरांची स्वतःची भातपेरणी असते. मृग लागला की शेवाळलेल्या ओल्या कौलांवर चढता येत नाही आणि पुढे तीन महिने हे काम बंद. ज्याला जुलैत बसून राहायचे आहे त्याला मे महिन्यात कोणालाही "नाही" म्हणणे परवडत नाही. तो पाच जणांना होकार देतो, कारण त्यातले दोघे ऐन वेळी फिरणार हे त्याला अनुभवाने माहीत असते. मी स्वतः तीन मिस्त्र्यांना सांगून ठेवले होते आणि जो आधी येईल त्याला काम देणार होतो. मग खोटे कोण बोलत होते?

तिसरे कारण पारखीचे. कौले नीट बसली की नाही हे पावसाळ्यातच कळते, पैसे मात्र त्याआधी द्यायचे. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन असे मांडले, की घेणाऱ्याला चांगले-वाईट ओळखता येत नसले की तो मधलाच भाव देतो, त्या भावात चांगला माल विकायला येत नाही आणि बाजारात वाईट तेवढे उरते. (२००१ च्या नोबेलचे ते एक मानकरी.) आपण सर्वांना एकच "चालू भाव" देतो. चांगला मिस्त्री मोठ्या कामावर निघून जातो आणि आपल्या वाट्याला जो येतो त्याच्यावरून आपण सगळ्या जातीचे माप काढतो.

यावर उपाय म्हणून कोणी रोजावर काम देतो, कोणी उक्ते. कन्नडात यांना दिनगूलि आणि गुत्तिगे म्हणतात. रोजावर दिले तर काम लांबण्याची जोखीम आपली; उक्ते दिले तर ती त्याची, आणि मग तो घाई करतो. जोखीम नाहीशी होत नाही, ती फक्त इकडची तिकडे जाते.

पूर्वीच्या गावगाड्यात हा प्रश्न वेगळ्या रीतीने सुटला होता. सुताराला, लोहाराला सुगीत बलुते मिळे. कर्नाटकात त्यालाच आय म्हणत. दुरुस्तीगणिक घासाघीस नव्हती. पण ती सोय जातीच्या बेडीवर उभी होती. सुताराच्या मुलाला सुतारच व्हावे लागे आणि पदरात पडेल ते घ्यावे लागे. ती परत यावी असे कोणी म्हणू नये. मिस्त्री आज "येत नाही" म्हणू शकतो, ही त्या दृष्टीने प्रगतीच आहे.

आता कायद्याचे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याप्रमाणे तोंडी करारही करारच असतो. ग्राहक संरक्षणाचा १९८६ चा कायदा जाऊन २०१९ चा आला, तो जुलै २०२० पासून लागू झाला. पण पाचशे रुपयांसाठी दाद मागायला कोण जाणार? आपण जात नाही आणि मिस्त्रीही जात नाही. हे दुसरे अर्धे वाक्य मला मे महिन्याच्या शेवटी कळले.

झाले असे. मागच्या वेळी काय भाव दिला होता ते पाहावे म्हणून मी वडिलांची खर्चाची वही काढली. दोन वर्षांपूर्वीची नोंद सापडली: "कौले, मिस्त्री. ठरले ३,२००. दिले २,७००. बाकी ५००, पावसानंतर." पुढच्या पानांवर ती बाकी कोठेच फेडलेली नव्हती. त्या वर्षी छप्पर गळलेही नव्हते. आणि हा मिस्त्री तोच, जो मला महिनाभर "उद्या येतो की" म्हणत होता.

वडील म्हणाले, "तो मागायला आलाच नाही."

आई आतून म्हणाली, "आला होता की. दोनदा आला. तुम्ही घरात नव्हता, मी म्हटलं उद्या या."

कोणीच काही बोलले नाही. मोठ्या बांधकामांतही कामाची काही रक्कम मुदतीपर्यंत राखून ठेवतात, त्यात गैर काही नाही. पण तेथे तारीख ठरलेली असते. आमच्या वहीत तारीख नव्हती, "पावसानंतर" होते. आम्ही जिला बचत समजत होतो ती देणे रक्कम होती. पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही ती ताळेबंदात कोणत्या बाजूला मांडावी हे सांगेल.

दुसऱ्या दिवशी मी पाचशे रुपये घेऊन त्यांच्या गावी गेलो. ते भाताच्या शेतात होते. पैसे मोजून खिशात ठेवले आणि एवढेच विचारले, "फांदी कधी काढताय?" मी म्हणालो, "मामा, तुम्ही दिवस सांगा, मी त्याआधी काढून घेतो." फांदीवाल्याला शेजारच्या दोन घरांची कामे मिळवून दिली, तेव्हा तो आला. मिस्त्री ठरल्या दिवशी आले नाहीत; पण सकाळी फोन करून "उद्या" म्हणाले, आणि खरोखरच उद्या आले. सुतार आणि पत्रेवाला त्यांनीच बरोबर आणला. मृगाला चार दिवस उरले होते.

या अनुभवातून काढलेले माझे नियम साधे आहेत. कौलांचे काम होळी झाली की सांगावे, वळवाची वाट पाहू नये. एकट्याचे काम लहान असेल तर दोन-तीन घरांनी मिळून सांगावे. एकाला सांगितले की दुसऱ्याला सांगू नये. पाहणीच्या अर्ध्या दिवसाचे पैसे वेगळे द्यावेत. आणि रक्कम मागे ठेवायचीच असेल तर तारीख लिहून ठेवावी आणि त्या दिवशी आपण होऊन पोचवावी.

यंदाच्या नोंदीत मी तसेच केले आहे: "बाकी ४००, देण्याची तारीख १५ ऑक्टोबर." खाली वडिलांनी स्वतः सही केली आहे.